शिवणीचा वाडगा आणि पळसाची डहाळी

नागपूरच्या लकडगंज भागात लाकडाच्या वखारी आणि आरा मशिनी आहेत आणि त्यांच्या आधाराने खराद, म्हणजे लाकूड फिरवून गोल कातायचे यंत्र, चालवून पोट भरणारे काही कारागीर शहरात अजून टिकून आहेत. लाटणी, खाटेचे खूर, जिन्याच्या कठड्याचे दांडे आणि तान्ह्या पोळ्याच्या सुमाराला लागणारी लाकडी नंदीबैलांची चाके, असा त्यांचा वर्षभराचा धंदा असतो. अशाच एका वयस्कर कारागिराकडून मी गेली काही वर्षे वाडगे, करंडे आणि ताटल्या कातून घेत आले आहे. त्यांना मी खरादीकाका म्हणते. घरी आणल्यावर त्या वस्तूंवर तापलेल्या टोकाने रेषा जाळायच्या आणि त्या रेषांच्या आत रंगीत पेन्सिलीने झाडे, फुले, पाखरे रंगवायची, हा माझा नोकरीबाहेरचा उद्योग आहे. येथे मी मुख्यतः एका वाडग्याविषयी लिहिणार आहे. त्याच्या बाहेरच्या अंगावर पळसाची फुललेली डहाळी आहे, आणि या कामात येणाऱ्या बहुतेक अडचणी त्या एका वाडग्यात एकत्र भेटल्या.

पहिला प्रश्न लाकडाचा. विदर्भात सागाला तोटा नाही, आणि कोणत्याही वखारीत लाकूड मागितले की आधी सागच पुढे येतो. परंतु सागाच्या वार्षिक वलयांत हंगामाच्या सुरुवातीचे लाकूड मोठ्या छिद्रांचे व मऊ असते, तर नंतरचे घट्ट असते. तापलेले टोक मऊ पट्ट्यात खचते, घट्ट पट्ट्यावर अडते, आणि एकाच ओढीत काढलेली रेषा तुटक व दातेरी दिसते. त्यात सागाचा मूळ रंग तपकिरी आणि लाकडात तेलाचा अंश असल्यामुळे पेन्सिलीचे फिके रंग त्यावर जवळजवळ दिसतच नाहीत. म्हणून मला हवे होते ते फिक्या रंगाचे, बारीक व एकसारख्या पोताचे लाकूड. आपल्याकडे हळदू, कळम आणि शिवण ही तिन्ही त्या दृष्टीने चांगली. हळदू ताजा असताना खरोखरच हळदीसारखा पिवळा असतो आणि पुढे गडद होत जातो. शिवण मात्र गव्हाळ पांढरट असते, वजनाला हलकी असते आणि एकदा वाळली की फारशी वाकत नाही. काकांनी शिवणीचा एक ठोकळा दाखवला. तो बराच काळ त्यांच्या माळ्यावर पडून होता आणि त्याच्या दोन्ही तोंडांना मेण लावलेले होते. ओल्या लाकडातले पाणी सर्वांत वेगाने तोंडाकडून उडते. नागपूरच्या उन्हाळ्यात मेण न लावलेला ठोकळा बघता बघता तडकतो, हे खराद चालवणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही.

वाडग्याचा आकार ठरवताना मी आधी चित्राचा विचार केला. पोट फार गोल असेल तर हाताला आधार मिळत नाही आणि चित्रही एका नजरेत मावत नाही. म्हणून काठाखाली सुमारे चार बोटे रुंदीचा, थोडासाच फुगीर पट्टा ठेवायला सांगितला. पट्ट्याच्या वर आणि खाली एकेक काळी रेघ हवी होती. ती पेनने काढण्याची गरज नसते. काकांनी पटाशीच्या टोकाने खरादावरच दोन बारीक खाचा पाडल्या, दोन्ही टोकांना लाकडी मुठी बांधलेली तार त्या खाचेत ताणून धरली, आणि वाडगा वेगाने फिरू लागताच घर्षणाने खाचेतून धूर निघून रेघ काळी झाली. तार बोटांना गुंडाळून हे काम कधीही करू नये. तार कुठे अडकली तर बोट जाते. सपाट भागावर, जिथे तार बसत नाही, तिथे काका सनमायकाच्या तुकड्याची कड दाबून धरतात आणि तशीच रेघ उमटते. या दोन रेघांचा उपयोग शोभेपुरता नाही. पुढे पेन्सिलीचा रंग आणि जाळलेली पार्श्वभूमी या बांधाच्या आत थांबते, आणि हात थोडा पुढे गेला तरी ते दिसून येत नाही.

घासणी किती करायची, यावर आमचे एकमत व्हायला वेळ लागला. काकांच्या हाताला चकाकी आल्याशिवाय समाधान नसते. मला मात्र त्यांना २२० नंबरच्या पॉलिश पेपरवर थांबवावे लागले. जाळण्यासाठी पृष्ठभाग जितका गुळगुळीत तितका चांगला, कारण टोक अडखळत नाही. परंतु पेन्सिलीला थोडी पकड लागते. आरशासारख्या लाकडावर तिचे मेण घसरते आणि दुसरा-तिसरा थर बसतच नाही. ३२० नंबरपर्यंत गेले तरी चालते, त्यापुढे मी जात नाही. ओल्या फडक्याने एकदा पुसून, उभे राहिलेले तंतू वाळल्यावर हलक्या हाताने पुन्हा घासून घ्यावेत, एवढे मात्र टाळू नये. खरादावर कसलेही पॉलिश, लाख किंवा मेण लावू द्यायचे नाही, हे मी दर वेळी पुन्हा सांगते. रंगवलेल्या, पॉलिश केलेल्या किंवा दाबून बनवलेल्या कृत्रिम फळीवर जाळकाम केले तर विषारी धूर निघतो. मी वाडगा घेऊन जाताना काका म्हणाले, ‘‘एवढा मेहनतीनं गोल केला, अन् तुम्ही त्याले आता जाळून राहिल्या! काहून जी?’’ त्यांना मी नंतर तयार वाडगा दाखवला, पण ते पुढे.

आता या कामातला सर्वांत महत्त्वाचा भाग. कागद चारी बाजूंनी सारखा असतो, कातलेला वाडगा तसा नसतो. वाडग्यासाठी ठोकळा सामान्यतः असा धरतात की तंतू खरादाच्या अक्षाला आडवे येतात. मग तो गोल कातला की बाहेरच्या अंगावर समोरासमोरच्या दोन भागांत लाकडाची कापलेली तोंडे येतात, म्हणजे तंतूंचा आडवा छेद दिसतो, आणि उरलेल्या दोन भागांत तंतू आडवे पडलेले दिसतात. बोट फिरवले तरी हे कळते. छेदाचा भाग किंचित खरखरीत लागतो, तिथला रंगही थोडा गडद असतो. उष्णता तंतूंच्या दिशेने आडव्या दिशेपेक्षा जवळपास दुपटीने वाहते, त्यामुळे छेदाच्या भागात टोकाची उष्णता आत खेचली जाते आणि तीच छटा आणायला हात थोडा रेंगाळावा लागतो. पेन्सिलीचे मेण तिथल्या उघड्या छिद्रांत जाऊन बसते आणि रंग दाणेदार होतो. शेवटी लावायचे पॉलिश तर हा भाग सर्वांत जास्त पितो आणि काळवंडतो. आडव्या तंतूंच्या दोन्ही भागांत मात्र रंग स्वच्छ आणि उजळ राहतात.

यावरून मी जो निर्णय घेतला, तो मला या वाडग्याचे खरे मर्म वाटतो. डहाळी वाडग्याभोवती फिरवताना तिचा जाड, गाठाळ भाग, जून साल आणि न उमललेल्या काळपट कळ्या मी छेदाच्या दोन भागांत टाकल्या, आणि पूर्ण उमललेली फुले आडव्या तंतूंच्या दोन भागांत. लाकूड जिथे आपणहून काळे होणार तिथे चित्रातले काळे, आणि जिथे ते उजळ राहणार तिथे केशरी. सुंदर चित्र आधी कागदावर काढून मग वाडग्यावर कुठेही चिकटवल्यासारखे उतरवलेले काम मी पुष्कळ पाहिले आहे. त्यात कौशल्य असते. पण अर्धे फूल लखलखीत आणि अर्धे मळकट दिसते, आणि दोष पेन्सिलीला दिला जातो.

करंड्याचे गणित वेगळे. तो उभ्या तंतूंच्या लाकडातून काततात, म्हणून त्याच्या चारी बाजू सारख्याच वागतात आणि काम सोपे जाते. अडचण येते ती झाकणावर, कारण झाकणाचा संपूर्ण माथा हा आडवा छेदच असतो. झाकणावर मी फक्त जाळकाम करते. ताटलीच्या रुंद सपाट काठावर छेद कुठेच येत नाही, पण गोल रेघ काढू लागलो की ती दोन ठिकाणी तंतूंच्या बरोबर धावते आणि दोन ठिकाणी त्यांना कापत जाते. बरोबर धावताना टोक तंतूच्या मागे फरफटत जाते, म्हणून तिथे मनगट घट्ट ठेवावे लागते.

चित्र वाडग्यावर उतरवण्यासाठी मी कागदाची एक लांब पट्टी पट्ट्याभोवती गुंडाळते, जिथे टोके मिळतात तिथे खूण करते आणि ती घडी घालत घालत आठ सारखे भाग करते. त्यामुळे डहाळी फिरून आपल्याच सुरुवातीला नीट मिळते. फुगीर अंगावर सपाट कागद बसत नाही, सुरकुत्या पडतात. म्हणून ट्रेसिंग पेपरला कडेने कात्रीच्या चिरा द्याव्यात आणि फूल-फूल वेगळे उतरवावे. टायपिंगचा कार्बन पेपर या कामाला निरुपयोगी आहे, त्याची मेणकट रेघ पुसली जात नाही आणि फिक्या रंगाखालून वर येते. ट्रेसिंगच्या पाठीमागे ६बी, म्हणजे अगदी मऊ व काळी, पेन्सिल घासून घेतली की काम होते, आणि उरलेल्या खुणा खोडरबराने जातात. मात्र त्या रंग भरण्यापूर्वी पुसल्या पाहिजेत, कारण केशरीखाली अडकलेले शिसे कायमचे करडे राहते.

जाळण्याची उपकरणे दोन प्रकारची मिळतात. एक सोल्डरिंगच्या लोखंडासारखे, पितळी टोके आट्यांवर बसवायचे. ते स्वस्त आहे, पण तापायला व निवायला वेळ घेते, आणि पकड टोकापासून दूर असल्याने बारीक रेषा हाताबाहेर जाते. दुसरे तारेच्या टोकाचे. त्यात ट्रान्सफॉर्मरमधून येणारा प्रवाह नायक्रोमच्या तारेतून जातो, म्हणजे विजेच्या शेगडीच्या वेटोळ्यात असते तीच निकेल आणि क्रोमियमची मिश्रधातू, आणि गोल बटण फिरवून उष्णता कमीजास्त करता येते. टोक क्षणात तापते, क्षणात निवते. सुरुवात पहिल्या प्रकाराने करायला हरकत नाही. पण पळसाच्या कळीवरची लव काढायची तर तारेच्या टोकाला पर्याय नाही. माझ्याकडे तीन टोके सतत लागतात: सुरीसारखे तिरपे, छटा देण्यासाठी चमच्यासारखे चपटे, आणि ठिपक्यांसाठी गोळीचे. टोकावर काजळी साचली की उष्णता लाकडापर्यंत पोचत नाही आणि रेषा अधूनमधून फिकी पडते, म्हणून बारीक पॉलिश पेपरवर ते वारंवार पुसावे लागते.

आणि येथे नागपूरचे हवामान आडवे येते. एप्रिलपासून कूलरशिवाय खोलीत बसवत नाही, आणि कूलरचा झोत तारेच्या टोकाला लागला की तार निवते, झोत फिरला की पुन्हा तापते. एकाच रेषेत तीन छटा दिसतात. शिवाय त्या ओलसर हवेत लाकूड फुगते. कूलर बंद करावा तर पंचेचाळीस अंशांच्या दुपारी पेन्सिलींचे मेण मऊ पडते आणि टोक केले की शिसे मोडते. म्हणून उन्हाळ्यात मी जाळकाम आणि रंगकाम दोन्ही पहाटे करते, आणि धुरासाठी टेबलाच्या दूरच्या कडेला एक छोटा पंखा पाठमोरा ठेवते, जेणेकरून तो धूर ओढून खिडकीकडे नेईल पण कामावर वारा येणार नाही. लाकडाचा धूर सुगंधी वाटला तरी धूरच असतो, त्यामुळे मास्कही लावते.

पळस मी जाणीवपूर्वक निवडला होता. फेब्रुवारी-मार्चमध्ये काटोल रस्त्याने किंवा रामटेककडे जाताना दिसणारे निष्पर्ण, वाकडेतिकडे पळस सर्वांच्या परिचयाचे आहेत, पण फूल हातात घेऊन पाहिले की ते या माध्यमासाठीच घडवल्यासारखे वाटते. त्याचा देठ आणि खालची वाटी, म्हणजे निदलपुंज, गडद तपकिरी, जवळजवळ काळा आणि मखमली असतो. तो संपूर्णपणे जाळकामाचा विषय आहे. पाकळ्या केशरी, आणि त्यांतली नावेच्या आकाराची पाकळी चोचीसारखी वाकलेली. तो पेन्सिलीचा विषय. दोन्हींची सरमिसळ कुठेच नाही. महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राच्या प्रात्यक्षिक वहीत हे फूल उभे चिरून काढले होते, त्यामुळे कुठली पाकळी कुठल्या मागे जाते हे मला चित्र पाहून ठरवावे लागले नाही.

आधी तिरप्या टोकाने बाह्यरेषा काढल्या. टोक लाकडावर टेकवून मग हात हलवायला सुरुवात केली तर जिथे टेकले तिथे काळा ठिपका पडतो. म्हणून हात आधीच चालता ठेवायचा, चालता चालता टोक खाली आणायचे आणि चालता चालताच उचलायचे. पाकळ्यांच्या रेषा मी मुद्दाम फिक्या, मधासारख्या तपकिरी ठेवल्या. काळ्या रेषेत कोंडलेले केशरी फूल मुलांच्या रंगवायच्या पुस्तकातल्यासारखे दिसते. कळ्या आणि वाट्यांवर उष्णता थोडी वाढवून चपट्या टोकाने गोलाई आणली, एक कड गडद, दुसरी कड कोऱ्या लाकडाच्या जवळ जाणारी. आणि त्यावर तिरप्या टोकाने केसाएवढ्या बारीक, आखूड रेघा, सगळ्या देठाकडून टोकाकडे. ही लव उमटते ती एकेक रेघ पूर्ण निवल्यावर शेजारची काढली तरच. घाईने लगतच काढत गेलो की लाकूड तापून सगळेच एकसंध काळे होते. मखमल आणि कोळसा यांत फरक तेवढाच. डहाळीच्या सालीला इतकी सावधगिरी लागत नाही. ती खडबडीतच असते, आणि छेदाच्या भागातला लाकडाचा खरखरीतपणा तिथे कामालाच आला. फुलांच्या मागची जागा मी गोळीच्या टोकाने ठिपके देत भरली, फुलालगत दाट आणि काठाकडे विरळ. हे काम कंटाळवाणे आहे, याबद्दल कोणी काहीही सांगो.

जाळकाम संपल्यावर सुटी काजळी जुन्या मऊ टूथब्रशने झाडून काढावी. पॉलिश पेपर लावला तर काळी पूड लाकडाच्या छिद्रांत शिरते आणि जिथे केशरी भरायचे तिथेच मळ बसतो. क्रम मात्र उलटा करून चालत नाही. आधी रंग भरून मग जाळायला गेलो तर पेन्सिलीचे मेण वितळते, टोकाला चिकटते आणि जळक्या मेणाचा धूर निघतो. आधी जाळलेल्या रेषेची खाच पेन्सिलीला कुंपणासारखी अडवते, हा वेगळा लाभ.

रंगीत पेन्सिलींत काहींचे शिसे मेणाने बांधलेले असते, काहींचे तेलाने. शाळेच्या दप्तरातल्या पेन्सिली बहुतेक मेणाच्या. त्यांचा रंग लवकर चढतो, पण थर जास्त झाले की काही काळाने वर पांढुरकी साय येते. ती मऊ कापडाने पुसली जाते, आणि वर संरक्षक थर दिला की पुन्हा येत नाही. फेबर-कॅस्टेलच्या पॉलिक्रोमॉस पेन्सिली तेलाच्या, थोड्या कडक, टोक टिकवून धरणाऱ्या. लाकडावर बारीक कामाला मला त्या बऱ्या वाटतात, मात्र त्यांची किंमत हौशी माणसाला विचार करायला लावते. मी मोठ्या भागांना साध्या मेणाच्या आणि कडांना तेलाच्या पेन्सिली वापरते.

पळसाच्या केशरीची अडचण अशी की एकच केशरी पेन्सिल घासली तर फूल सपाट, प्लास्टिकचे दिसते. मी सर्वांत आधी फिका पिवळा दिला, अगदी हलक्या हाताने, टोक तंतूंच्या दिशेनेच चालवत. त्यावर केशरी, पाकळीच्या मुळाशी आणि जिथे एक पाकळी दुसरीच्या खाली जाते तिथे शेंदरी, आणि सर्वांत खोल सावलीत काळा रंग मुळीच न वापरता किरमिजी व त्यावर नुसता स्पर्श गडद हिरव्याचा, कारण लाल-केशरीला हिरवा रंगच मरगळ न आणता खोल करतो. शेवटी एक गोष्ट, जी लांबून पाहणाऱ्याला माहीत नसते: पळसाच्या पाकळीवर बाहेरून बारीक चंदेरी लव असते, तिच्यामुळे उन्हात फुलाच्या कडेला किंचित पांढुरकी झाक दिसते. त्यासाठी मी फिक्या बदामी रंगाची टोकदार पेन्सिल घेऊन वाकलेल्या पाकळीच्या फुगीर कडेवरून दाब देत ओढली. त्या दाबाने खालचे थर एकमेकांत मिसळले, लाकडाचा दाणा बुजला, आणि फक्त तेवढ्या कडेला चकाकी आली. उरलेल्या पाकळीत दाणा दिसत राहील इतपतच रंग मी ठेवला.

हा दाणा दिसू देण्याचा माझा आग्रह आहे, आणि त्याला कारण आहे. कातलेल्या लाकडाला रंग देण्याची आपली जुनी रीत लाखेची. सावंतवाडीचे लाखकाम आणि कर्नाटकातल्या चन्नपट्टणची खेळणी त्याच रीतीने रंगतात: फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबायची, घर्षणाने लाख वितळून पसरते, आणि चन्नपट्टणला ती केवड्याच्या पानाने घोटून चकाकवतात. ती कला मोठीच आहे. पण तिच्यात लाकूड संपूर्ण झाकले जाते, आणि ते पळसाचे, पांगाऱ्याचे की आंब्याचे, हे पाहणाऱ्याला कळण्याचा मार्ग उरत नाही. लाख पुसटशी दिली तर ती लाख राहत नाही. पेन्सिल मात्र पुसटच चांगली. शिवणीच्या पिवळसर अंगावर केशरी घातले तर लाकूडच त्या रंगाचा खालचा थर होते, त्यामुळे पळसाला पांढऱ्या अस्तराचीही गरज पडली नाही.

निळ्या रंगाच्या बाबतीत हे औदार्य लाकूड दाखवत नाही. अंबाझरी तलावाच्या काठावर पाहिलेला खंड्या एका करंड्यावर काढायचा होता, तर पिवळ्या लाकडावर निळी पेन्सिल घासताच पाठ हिरवट दिसू लागली. तिथे आधी पांढऱ्या पेन्सिलीचा दाट थर द्यावा लागतो, मग आकाशी, मग गडद निळा. जाळलेल्या काळ्यावर तर कोणतीच पेन्सिल चढत नाही, म्हणून जिथे निळे हवे ती जागा जाळताना कोरी राखून ठेवावी लागते. दुसरी अडचण जांभळ्याची. आपला राज्यपक्षी हरियाल वड, पिंपळ, उंबराच्या फळांवर शहरातही दिसतो. त्याची पिवळी-हिरवी छाती रंगवताना मजा येते, पण त्याच्या खांद्यावरचा जांभळा ठिपका उजेडाने उडून जाण्याचा धोका असतो. गुलाबी आणि जांभळे रंग पेन्सिलींत सर्वांत लवकर उडतात. पॉलिक्रोमॉससारख्या पेन्सिलींवर उजेडात टिकण्याची खूण ताऱ्यांनी दिलेली असते; तीन तारे असतील तीच घ्यावी.

वाडगा रंगवून झाला की पॉलिश. येथे हात आवरावा लागतो, कारण कापडाने किंवा ब्रशने काहीही लावले तर पहिल्याच फटकाऱ्यात केशरी मेण विरघळून काळ्या वाटीवर पसरते. स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा, म्हणजे लाखेचे पापुद्रे, असो की थिनरचे लॅकर, नियम एकच: पहिले थर फवाऱ्याने, आणि तेही धुक्यासारखे पातळ. मी आधी चित्रकारांचा फिक्सेटिव्ह दोन-तीन वेळा, प्रत्येक थर वाळू देऊन फवारते. रंग पक्का बसला की मग सुमारे एक फुटावरून पारदर्शक लॅकरचे हलके थर. तेल पाजण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. तेलाने शिवण सुंदर दिसते, पण ती पिवळी आणि गडद होते, आणि पेन्सिलीची सगळी नाजूक अंतरे त्यात बुडतात. आतल्या बाजूला, जिथे रंग नाही, तिथे मात्र मी तेलच देते.

फवाऱ्याचे काम आपल्याकडे हंगाम पाहून करावे. पावसाळ्यात हवेतला ओलावा लॅकरमध्ये अडकतो आणि वर दुधी पडदा येतो. मे महिन्यात उलट, फवाऱ्याचे थेंब लाकडापर्यंत पोचेपर्यंतच वाळतात आणि पृष्ठभाग रवाळ होतो. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. या वाडग्याचे रंगकाम उन्हाळ्याच्या आधी संपले, पण लॅकरला थंडीचे दिवस मिळाले नसते, म्हणून सकाळी लवकर, गच्चीवर ऊन यायच्या आत, जिन्याच्या आडोशाला ते उरकले.

मग तो काकांकडे नेला. त्यांनी चित्राकडे पाहण्याआधी वाडगा उलटा करून बैठक तपासली, मग बोटाने दोन काळ्या रेघांच्या मधला पट्टा फिरवून पाहिला, छेदाच्या भागाशी थांबले आणि म्हणाले, ‘‘फांदी बरोब्बर इथंच घेतली तुम्ही. इथं तर लाकूड काळं पडतेच.’’ एवढेच. त्यानंतर शिवणीचा आणखी एक ठोकळा आहे, तो ताटलीसाठी ठेवू का, असे त्यांनी विचारले.

अशा वाडग्यात काय ठेवावे, हे लोक नेहमी विचारतात. संत्री, सुका मेवा, किल्ल्या, काहीही कोरडे. वरण-भात नाही, ओली चटणी नाही, आणि तो भांड्यांत घासायला टाकायचा नाही. थेट ऊन येणाऱ्या खिडकीतही ठेवू नये, कारण पेन्सिलीच्या रंगाबरोबर जाळलेल्या तपकिरी रेषाही उन्हाने हळूहळू फिक्या होतात. हे सगळे तोंडी सांगितलेले लक्षात राहत नाही, म्हणून बुडाला, जिथे रंग नाही, तिथे मी लाकडाचे नाव, कातणाऱ्याचे आद्याक्षर, महिना आणि वर्ष जाळते, आणि त्याखाली लहान अक्षरांत ‘पाण्यात बुडवू नये’ एवढे लिहिते.